रसायन टाकलं म्हणून वीज वाचत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खाण उद्योगातल्या वीजबचतीवर लेख आला. लेख मेहनतीनं लिहिलाय, पण ‘मिलमध्ये विशिष्ट रसायन मिसळल्यास दळणाची वीज वीस टक्क्यांनी वाचते’ हे त्यातलं एक वाक्य मला बोचलं. माझी उभी नोकरी दळणाच्या प्रयोगशाळेत गेली. आधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात, आणि नवऱ्याची बदली झाल्यावर राज्याबाहेरच्या एका तांब्याच्या खाणीवर. ही रसायनं दोन्हीकडे जवळून पाहिली, म्हणून चार शब्द लिहिते. चाराचे चाळीस होणार हे मला ठाऊक आहे. काटछाटीचा अधिकार आपला.

आधी मोटारीचं बघू. बॉल मिल म्हणजे आतून पोलादी लायनर (अस्तर) लावलेला आडवा, फिरता ड्रम. पोटात टनावारी लोखंडी गोळे. ड्रम फिरतो तसे गोळे एका बाजूनं वर चढतात, वरून कोसळतात आणि त्यांच्यामध्ये सापडलेला दगड फुटतो. मोटारीची बहुतेक ताकद हे गोळे उचलण्यात जाते. तुम्ही तासाला १०० टन दगड घाला की १०५ टन, मीटर जवळजवळ तेवढंच दाखवतं. आमच्या कंट्रोल रूममध्ये नवीन आलेली पोरं अँमीटरकडे टक लावून बसायची, काटा खाली येतो का म्हणून. तो कसा येणार? काटा खाली आलाच तर बहुधा गोळे झिजून कमी झालेले असतात, किंवा मिल तुंबलेली असते.

म्हणजे रसायनानं वीज ‘वाचते’ ती एकाच वाटेनं. तेवढ्याच विजेत जास्त माल दळला गेला, किंवा तेवढाच माल जास्त बारीक निघाला, तर टनामागचे युनिट कमी होतात. समजा मिलची मोटार १५०० किलोवॅट खाते आणि तासाला १०० टन दळते. टनाला १५ युनिट झाले. आता लेखातली वीस टक्के बचत घ्या, म्हणजे टनाला १२ युनिट. त्यासाठी त्याच मिलमधून तासाला १२५ टन निघायला हवेत! वरचे २५ टन पुढे कुठं जाणार? ते उचलायला पंप हवेत, जाडं-बारीक वेगळं करायला सायक्लोन हवेत, फ्लोटेशनच्या, म्हणजे बुडबुड्यांवर खनिज तरंगवून काढण्याच्या, टाक्यांत त्यांना पुरेसा वेळ मिळायला हवा, शेवटी थिकनर (गाळ खाली बसवून पाणी वेगळं करणारी टाकी) आणि फिल्टरनं ते झेपवायला हवेत. यातलं एक जरी आधीच काठोकाठ चालत असेल तर मिल सव्वाशे टन दळूच शकणार नाही, आणि बचत कागदावर राहील. लेखात याचा उल्लेख नाही. विकणाऱ्यांच्या पत्रकांतही नसतो.

आता सिमेंट. तिथं ही रसायनं अगदी रोजची आहेत, आणि ती काम करतात हे मी छातीठोक सांगते. क्लिंकर (भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे) कोरडाच दळतात. दगड फुटला की त्याच्या ताज्या पृष्ठभागावर तुटलेले बंध उघडे पडतात, आणि बारीक कण पुन्हा एकमेकांना चिकटतात. गोळ्यांवर, लायनरवर त्यांचा राखाडी थर बसतो. गादीवर गोळा आपटावा तसं मग दळण मंदावतं. ट्रायइथेनॉलअमाइन किंवा ग्लायकॉल टनाला दोनशे ते पाचशे ग्रॅम टाकलं की ते कणांच्या पृष्ठभागावर बसतं, कण सुटे राहतात आणि गोळे स्वच्छ होतात. १९३०च्या दशकापासूनची ही युक्ती आहे. मिल बंद करून आत डोकावलं की गोळे पाहूनच कळायचं डोसिंग (रसायन सोडणं) चालू होतं की बंद: थर बसलेला गोळा मळकट दिसतो, रसायनातला लखलखतो. त्या अमाइनचा किंचित अमोनियासारखा वास मात्र घरी साडीला यायचा.

तिथंही ‘जितकं जास्त तितकं बरं’ चालत नाही. डोस वाढला की भुकटी पाण्यासारखी वाहायला लागते, मिलमध्ये थांबतच नाही, आणि पलीकडून जाडंभरडं बाहेर येतं. शिवाय अमाइन सिमेंटच्या घट्ट होण्याच्या वेळेशी खेळतं. पण मुद्दा असा, की सिमेंटमध्ये दळलेला प्रत्येक किलो विकला जातो. रसायनाचा खर्च मालाच्या किमतीत मुरतो.

धातुपाषाणाचं गणितच निराळं. तांब्याच्या दगडात तांबं जेमतेम शेकडा एक. म्हणजे टनभर दगड दळायचा, त्यातले दहा किलो हवे आणि बाकीचं सगळं टेलिंगच्या (टाकाऊ गाळाच्या) तळ्यात सोडायचं. रसायन मात्र संपूर्ण टनाला टाकावं लागतं. हिशेब ढोबळच करू. पाच टक्के जास्त माल निघाला असं धरलं, तर १५ युनिटांचे सव्वाचौदाच्या आसपास होतात. आठ रुपये युनिटनं टनाला सहा रुपयेही सुटत नाहीत. गोळे टनाला सातशे ग्रॅम झिजतात असं धरा. त्यातलेही पाच टक्के वाचले तर आणखी दोन-अडीच रुपये. आणि रसायन? दीडशे ग्रॅम, किलोला १२० रुपये धरले तर अठरा रुपये. वीज वाचवायला निघालेल्यानं आठ रुपयांसाठी अठरा घालवले.

मग कुणी ते वापरावं कशाला? ज्याची मिल हीच अडचण आहे त्यानं. खाणीतून माल भरपूर येतोय, पुढच्या टाक्या निम्म्या रिकाम्या आहेत आणि फक्त मिल पुरी पडत नाही, अशा ठिकाणी तासाला पाच टन जास्त म्हणजे, सगळं तांबं हाती येत नाही हे धरूनही, ४५ किलोच्या आसपास तांबं जास्त, आणि त्यापुढे रसायनाचा खर्च किरकोळ. तिथं खुशाल वापरा. पण त्याला उत्पादनवाढीचा खर्च म्हणा. वीजबचतीच्या फाइलमध्ये घालून सबसिडी आणि शाबासकी मागू नका.

बरं, धातुपाषाण पाणी घालून ओला दळतात. या ओल्या दळणात रसायन करतं तरी काय? १९२८ साली रेबिंदर या सोव्हिएत शास्त्रज्ञानं म्हटलं, की पृष्ठभागावर बसणारे रेणू घन पदार्थाचा कणखरपणाच कमी करतात, दगड मऊ पडतो. कल्पना मोठी मोहक आहे, आणि विक्रेते अजून तीच सांगतात, कारण ‘दगड मऊ होतो’ हे खरेदी खात्याला चटकन कळतं. पण गोळा आपटल्यावर भेग ज्या वेगानं धावते, त्या वेगानं रेणू तिच्या टोकापर्यंत पोचायचे कसे? पुढं डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीत संशोधक क्लिम्पेल यांनी स्लरीच्या, म्हणजे दळलेला दगड आणि पाणी यांच्या चिखलाच्या, वाहण्यावर जे काम केलं, त्यातून जास्त पटणारं उत्तर मिळालं. रसायन दगडावर नाही, चिखलावर काम करतं.

घरातलं उदाहरण देते. मिक्सरमध्ये चटणी वाटताना पाणी फार कमी असलं की ती भांड्याच्या कडेला चिकटते आणि पातं मोकळंच फिरतं. फार जास्त झालं की खोबऱ्याचे तुकडे पळत राहतात, पात्याखाली येत नाहीत. मिलमध्ये हेच होतं. स्लरी पातळ असली तर कण गोळ्यांच्या तावडीतून निसटतात. घट्ट केली तर त्यांचा गोळ्यांवर नीट लेप बसतो आणि दळण सुधारतं. आणखी घट्ट केली की तिचा गारा होतो, गोळे त्यातच रुततात आणि दळण कोसळतं. पॉलिअॅक्रिलेट, सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट, सोडियम सिलिकेट ही मंडळी एवढंच करतात, की तो गारा होण्याचा क्षण पुढं ढकलतात. म्हणजे तुम्हाला आणखी घट्ट स्लरी चालवता येते. याचा सरळ अर्थ, की तुमची स्लरी मुळातच पातळ असेल तर रसायनाला करण्यासारखं कामच नाही.

आणि बहुतेक ठिकाणी ती पातळच असते, कारण पाण्याचा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडा ठेवला की ऑपरेटरची रात्र शांत जाते, मिल तुंबत नाही. मी वर्षानुवर्षं मिलच्या तोंडाचा नमुना एक लिटरच्या डब्यात भरून काट्यावर टांगला आहे. घन पदार्थाची घनता २.७ धरली, तर डब्यातला माल १७५० ग्रॅम भरला की त्यात वजनानं ६८ टक्के दगड, १८५० भरला की ७३ टक्के. हा फरक चार-पाच टक्क्यांचा वाटतो, पण दळणात तो बोलतो. डब्यातून हात बाहेर काढल्यावर स्लरी बोटांवरून ओघळून स्वच्छ कातडी दिसली तर पातळ. साईसारखी धरून राहिली तर बेताची. बोटांवरून हलेचना तर पाणी सोडा. ही परीक्षा फुकट आहे. पाणी हेच दळणाचं पहिलं रसायन आहे. दळणाला किती वीज लागते याचं सूत्र देणारे फ्रेड बाँड यांच्या हिशेबातही तोच दगड कोरडा दळायला ओल्यापेक्षा १.३ पट वीज धरतात.

बाँड यांचं नाव आलंच आहे तर आणखी एक. त्यांनी १९५२ मध्ये मांडलेलं सूत्र आजही प्रत्येक मिलच्या हिशेबात वापरतात. वर्क इंडेक्स, म्हणजे दगड दळायला किती कठीण याचा आकडा, १४ असलेला दहा मिलिमीटरचा दगड १५० मायक्रॉनपर्यंत (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) दळायला टनाला साधारण १० युनिट लागतात. तोच ७५ मायक्रॉनपर्यंत न्यायला १५ च्या जवळ. विनाकारण बारीक दळणं ही सगळ्यात मोठी उधळपट्टी आहे. सायक्लोन बिघडलेला असला की आधीच दळून झालेला माल पुन्हा मिलमध्ये येतो आणि आपण त्याचं पीठ करत बसतो. सायक्लोनच्या खालच्या तोंडातून माल छत्रीसारखा फुलून पडायला हवा. दोरीसारखा सरळ पडला तर काहीतरी चुकतंय. हे बघायला मान वर करावी लागते, बाकी खर्च नाही.

आता तो प्रसंग सांगते ज्यामुळे हे पत्र लिहावंसं वाटलं. कारखान्याचं किंवा पुरवठादाराचं नाव लिहिणार नाही. एका वर्षी रसायनाची ‘ट्रायल’ ठरली. ‘आधी’चे आकडे घेतले भर पावसाळ्यातले: माती मिसळलेला चिकट दगड, तुंबणारे शूट (माल घसरत जाणारे पन्हाळे), झिजलेले लायनर. मग शटडाउन झालं, नवे लायनर बसले, गोळे भरले, आणि ‘नंतर’चे आकडे घेतले दिवाळीनंतर, खाणीच्या दुसऱ्या बाजूच्या कोरड्या, मऊ दगडावर. टन वाढले. पुरवठादाराचा इंजिनिअर दिवसपाळीत मिलजवळ उभा राहून पाण्याचा व्हॉल्व्ह स्वतः लावत होता, ते निराळंच. अहवालात सगळं श्रेय निळ्या पिंपातल्या द्रवाला.

मी म्हटलं, आठवडाभर डोसिंग बंद ठेवा, आठवडाभर चालू, असं आलटून पालटून करा, आणि पाळीवाल्यांना सांगू नका कधी चालू आणि कधी बंद. दगड रोज बदलतो, त्यावर उपाय हा एवढाच. साहेब म्हणाले, खरेदीची फाइल सही होऊन गेली आहे.

तेव्हाच्या कारखाना कायद्यानं आम्हा बायकांना संध्याकाळी सातनंतर पाळी नव्हती. रात्रीचे नमुने सकाळी बाटल्यांत येऊन ओळीनं उभे असायचे. ते दोनशे मेशच्या अगदी बारीक चाळणीवर बारीक धारेखाली धुवायचे, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. वर उरलेलं वाळवून तोलायचं. माझ्या वहीत मी रसायनाच्या टाकीची पातळीही लिहीत असे, ही माझी सवय, कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी पातळी कालचीच. दुसऱ्या सकाळीही तीच. डोसिंग पंपाचा पडदा फाटला होता आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दोन रात्रींचे टन? आदल्या दिवसांइतकेच. चाळणीवरचं जाडंही तेवढंच.

एक गोष्ट मात्र बदलली होती. थिकनरच्या काठावरून पडणारं पाणी नितळ झालं होतं. ट्रायल सुरू झाल्यापासून ते मळकट होतं आणि आम्ही पावसाला दोष देत होतो. विचार केला तर यात नवल नाही. मिलमध्ये आपण जे रसायन टाकतो त्याचं कामच कणांना एकमेकांपासून दूर ठेवणं. थिकनरमध्ये आपण फ्लॉक्युलंट टाकतो ते कणांना एकत्र आणून खाली बसवायला. एका टोकाला पैसे देऊन सुटे करायचे, दुसऱ्या टोकाला पैसे देऊन बांधायचे! मळकट पाणी परत मिलमध्ये फिरतं, फ्लोटेशनमध्ये जातं, आणि तिथं बारीक माती बुडबुड्यांबरोबर वर चढून कॉन्सन्ट्रेट (वेगळं काढलेलं खनिज) घाण करते. काही पॉलिमर तर तांब्याच्या खनिजावरच बसतात आणि झँथेटला, म्हणजे खनिजाला बुडबुड्याशी चिकटवणाऱ्या रसायनाला, जागा देत नाहीत. ढोबळ हिशेब करा: तासाला १०० टन दगडात १००० किलो तांबं. वसुली (हाती येणाऱ्या तांब्याचं प्रमाण) अर्ध्या टक्क्यानं घसरली तर तासाला ५ किलो तांबं तळ्यात. किलोला आठशे धरले तरी चार हजार रुपये. विजेची बचत तासाला सहाशे. कुणी तोलून पाहिलं होतं हे? अहवालात फक्त मिलचे टन होते.

पायराइट हे लोखंडाचं नको असलेलं खनिज फ्लोटेशनमध्ये वर येऊ नये म्हणून चुना घालणाऱ्या कारखान्यांत आणखी एक अडचण आहे. परत येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम साचतं, ते पॉलिअॅक्रिलेटला पकडून निकामी करतं. प्रयोगशाळेत नळाच्या पाण्यात झकास दिसलेलं रसायन प्लांटच्या पाण्यात ढिम्म. म्हणून चाचणीला पाणी प्लांटचंच घ्यावं, हे तरी विक्रेत्यांनी पाळावं.

मी रसायनांच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. कागदावर जो गुळगुळीत पांढरा लेप असतो त्यासाठी चुनखडी पाण्यात इतकी बारीक आणि इतकी घट्ट दळतात, की पॉलिअॅक्रिलेटशिवाय मिल जागची हलणार नाही. चिकणमातीच्या दगडातही मी फायदा पाहिला आहे. जिथं घट्टपणा हीच अडचण, तिथं ती खरोखर गुणी आहेत. मला राग आहे तो ‘वीस टक्के’ या शब्दांचा.

हे सगळं आज लिहायचं कारण दूरच्या राज्यातलं नाही. जुलै २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात हेडरीला लोहखनिज दळण्याचा कारखाना आणि तिथून कोनसरीपर्यंत ८० किलोमीटरहून लांब स्लरी पाइपलाइन यांचं उद्घाटन झालं. रस्त्यावरचे ट्रक कमी होतील, ही चांगलीच गोष्ट आहे. आता विदर्भात लोहखनिज ओलं दळण्याचे आणि पाइपातून नेण्याचे कारखाने वाढत जाणार, आणि स्लरी आली की तिला पातळ ठेवणारी रसायनं विकणारेही येणार. ती घेणं-न घेणं हा कारखान्यांचा धंदा. पण दळलेल्या स्लरीतलं पाणी शेवटी कुठंतरी निथळतं, आणि फॉस्फेट असो की पॉलिमर, ते त्या पाण्याबरोबर जातं.

म्हणून आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढची पर्यावरणाची जनसुनावणी लागेल तेव्हा उद्योगाच्या प्रतिनिधीला एवढं विचारून छापावं: दळणात कोणतं रसायन, टनाला किती ग्रॅम, आणि थिकनरच्या ओव्हरफ्लोमध्ये त्यातलं किती राहतं याची तपासणी कोण, किती दिवसांनी करणार. आणि वीजबचतीचा आकडा कुणी सांगितला, तर तो टनाला किती युनिट आणि किती मायक्रॉनपर्यंत दळून, हे दोन्ही विचारल्याशिवाय लिहून घेऊ नये.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त केमिस्ट,
बल्लारपूर, जि. चंद्रपूर